विरजण

टॉडमॉर्डनला, रेल्वेपुलाच्या तिसऱ्या कमानीखाली
विनिफ्रेड ॲक्रॉइड बिअर करायची.
मी तिच्या टाक्या धुवायचो.
गुरुवार ते शनिवार. पगार रोख,
आणि निघताना एक पाइंट, तो मात्र उभ्यानेच प्यायचा.

पहाटे चारला पाणी तापायचं.
बार्लीचं माल्ट त्यात पडलं की
नाचणीचं सत्त्व शिजतंय असा वास कमानभर.
हे मी तिला एकदा सांगितलं.
तिनं विचारलं, नाचणीला मोड आणता?
म्हटलं, आणतो. वाळवतो, दळतो, पोरांना भरवतो.
"म्हणजे निम्मी वाट चालून आलात," ती म्हणाली,
"आणि तिथंच बसलात."

मग चोथा उपसायचा.
लाकडी फावडं, चष्मा खिशात, डोकं वाफेत.
नऊला डोंगरावरून क्लेग यायचा ट्रेलर घेऊन,
त्याच्या डुकरांचं अंबोण न्यायला.
डुकरांच्या खाण्याला अंबोण म्हणत नसावेत.
मला दुसरा शब्द माहीत नाही.

यीस्ट ती विकत आणत नसे.
सतराव्या वर्षी ज्या कारखान्यात लागली
तो बंद झाला, त्या संध्याकाळी
दुधाच्या कॅनमधून तिनं ते उचललं.
चोरलं म्हणा.
मालकानं दार उघडं ठेवलं होतं म्हणा.
तेव्हापासून या घाण्याचं काढायचं,
पुढच्या घाण्याला लावायचं. छत्तीस वर्षं.
त्याला ती मंडळी म्हणायची.
मंडळी आज सुस्त आहेत. मंडळींना थंडी वाजतेय, पडदा ओढ.

कालव्यापलीकडे गार्थ सटक्लिफ.
त्याच्या बिअरमध्ये आंबा, कॉफी, एकदा तर समुद्राचं मीठ.
डब्यांवर चष्मेवाले ऑक्टोपस.
दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते.
कारण पबातला इद्रिस एक सांगायचा,
पोस्टमन दुसरंच.

फेब्रुवारीत एका पहाटे तो दारात उभा.
हातात झाकणाची स्टीलची बादली.
"माझं नासलं," एवढंच म्हणाला.
मी पाइप बंद केला.
दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणतात आमच्यात,
आणि अजून उजाडलं नव्हतं;
पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

विनीनं बादली हुंगली. परत दिली.
"पुन्हा धू."
मी हात पुढे केला, सवयीनं.
"त्याला धुऊ दे."
त्यानं धुतली. गरम पाण्यानं, कडांसकट, दोनदा.
मग तिनं टाकीवरचा जाड, पिवळट थर
भांड्याभांड्यानं भरून दिला,
झाकण स्वतः दाबलं.
पैशांचं तो काही बोलला नाही.
शहाणा माणूस.

त्यानंतरही ते बोलले नाहीतच.

विजेचं बिल, सरकारी ड्यूटी, उजवा गुडघा.
ऑक्टोबरात तिनं कमानीची किल्ली परत केली.
टाक्या स्टोकच्या कुणी नेल्या,
मी धुऊन दिल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
उरलेली मंडळी तिनं मोरीत सोडली.
मी बाहेर जाऊन क्लेगच्या ट्रेलरशी उभा राहिलो.
ट्रेलर रिकामा होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

मार्चमध्ये म्हणाली, चल, कालव्यापलीकडे जाऊ.
काउंटरवरच्या पोरीच्या एका कानात सात बाळ्या.
थोडी चाखून बघणार का, तिनं विचारलं.
विनीनं फळ्यावरची सगळी फळं ओलांडून
तळच्या ओळीवर बोट ठेवलं. साधी बिटर.

ग्लास खिडकीकडे धरला.
हुंगली.
एक घोट, मग बराच वेळ काही नाही.
मागच्या दारात गार्थ, ओल्या एप्रनला
कोरडेच हात पुसत.

"फार थंड देतोस," ती म्हणाली.
आणखी एक घोट.
"मंडळी बरी आहेत."

पोरीनं मान उंचावून आमच्यामागं पाहिलं,
आणि आणखी ग्लास काढू का, असं विचारलं.