जोडणी

आमच्याकडं जोडणी म्हटलं की लोकांना
निवडणूक आठवते, दूध संघ, साखर कारखाना,
रात्री कोण कुणाच्या मळ्यावर जेवलं ते.
माझी जोडणी साधी.
एका टोकाला शिरोलीच्या फाउंड्रीतला वजनकाटा,
दुसऱ्या टोकाला हिशेबाचं सॉफ्टवेअर,
आणि मधे हा कनेक्टर,
दर पाच मिनिटांनी दार वाजवणारा :
मी आप्पासो मगदूम. आत घ्या.

अकरा वर्षं आत घेतलं.

मगदूम मार्चअखेर रिटायर झाले.
शाल, नारळ, पितळी समई.
दोन महिन्यांनी कुणीतरी, नियमाप्रमाणंच,
त्यांचं खातं बंद केलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला.
सहा वाजून पाच मिनिटांनी काटा मुका झाला.

रांग सर्व्हिस रोडपर्यंत गेली.
एका ड्रायव्हरनं काचेवर टकटक केलं,
ताई, सांगलीपर्यंतच जायचंय,
हातानं लिहून द्या की चिठ्ठी.

मी फाईल उघडली.
नवव्या ओळीत युजर, दहाव्या ओळीत पासवर्ड,
उघडा, जसा घातला तसा :
चंद्री, मग ते गोल शेपटीचं ॲट,
मग दोन हजार तेरा.

दुसऱ्याचं पत्र चुकून हाती यावं
तशी मी मान वळवली.
पण वाचून झालं होतं.

वडणग्याला फोन लावला.
‘चंद्री व्हय,’ मगदूम म्हणाले, ‘म्हस आमची.
मोठं अक्षर घाला, आकडा घाला, खूण घाला
म्हणून त्या पुण्याच्या पोरानं लकडा लावला हुता.
गोठ्यात जे हुतं ते घातलं.
बदलायचं ऱ्हाऊन गेलं बघा.’
मग जरा थांबून,
‘अजून चालतंय व्हय ते?’

मी लॉग मागं मागं सरकवत नेला.
त्यांच्या लेकीच्या लग्नात मी जेवले होते, तारीख आठवते.
त्या दिवशी मगदूम हजर.
अँजिओप्लास्टीच्या आठवड्यात हजर.
एकोणीसच्या पुरात हायवे पाण्याखाली,
गेटवर फक्त वॉचमन आणि दोन कुत्री,
तेव्हाही जनरेटरवर, दर पाच मिनिटांनी :
मी मगदूम. आत घ्या.

रात्री दीडला नवं खातं काढलं.
त्याला माणसाचं नाव दिलं नाही.
वजन वाचायचं, पावती लिहायची, हक्क एवढेच.
मगदुमांच्या नावावर तर
पगारपत्रकही उघडत होतं, कुणाला पत्ता नव्हता.
पासवर्ड तिजोरीत, चाळीस अक्षरांचा,
कुणी कधी तोंडानं न उच्चारलेला,
महिन्याला आपोआप कात टाकणारा.
फाईलमध्ये आता फक्त तिजोरीचा पत्ता.
तो मलाही दिसत नाही. दिसूही नये.

दोनला पहिली पावती निघाली.
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
ड्रायव्हरनं ती हेडलाइटसमोर धरून दोनदा वाचली,
माझ्यावर विश्वास नसल्यासारखी.
त्याचंही बरोबरच.

सोमवारी चंद्रीला शोधायला बसले.
सात बॅकअपमध्ये होती,
एका जुन्या मेलमध्ये,
एका मोडक्या लॅपटॉपवर,
आणि सर्व्हर रूममध्ये, पंख्याच्या बटणाखाली
चिकटवलेल्या चिठ्ठीवर, मगदुमांच्या गोलसर अक्षरात.
चिठ्ठी निघता निघेना. नखानं खरवडली.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.
मागं धारेचा आवाज, बादलीत.
‘झालं काय काम?’
झालं म्हटलं.
‘तिचं नाव काढलासा?’
काढलं, सगळीकडनं.
ते हसले.
‘अकरा वर्सं. एवढा कारखाना चालवला.
नाव काढलंच म्हनायचं मग म्हशीनं.’