मिठागरातलं सलून

भांडुपच्या मिठागरात अमेरिका उभी राहिली
त्या वर्षी मी सहावीत नापास झालो होतो,
म्हणून मला सगळं नीट आठवतं.

साहेब इटलीचा. अमेरिका त्यानंही पाहिली नव्हती.
पांढऱ्या कोंड्यांकडे हात करून म्हणाला, वाळवंट.
पदूकाका म्हणाला, खारट हाय, बघा चाखून.

प्लायवूडची बँक, प्लायवूडचं चर्च,
थर्माकोलची निवडुंगं, त्यांवर आमचेच कावळे.
तिवरांवर गोणपाटं टाकली,
कारण तिकडे म्हणे खाडी नसते.
कारखान्याची चिमणी मात्र झाकता येईना.
तिच्यापुढे रोज एक घोडागाडी आडवी लावत.

पदूकाका रोज मरायचा.
मरायचे बारा रुपये,
छपरावरून पडून मेलं तर अठरा.
मीठ ओढायचे दिवसाला चार.
नऊ दिवसांत नऊ वेळा मेला,
कधी शेरीफच्या गोळीनं, कधी चुकून,
एकदा तर झगा घालून, बाई म्हणून.
आणि दर वेळी पडण्याआधी
पायानं तिथलं मीठ सारखं करायचा.
सवय. साहेब ओरडायचा.

घोडे आणले भायखळ्याहून, लग्नाच्या वरातीतले.
नवव्या दिवशी मोठी चकमक.
पहिली गोळी सुटली
आणि सहाच्या सहा घोडे नाचायला लागले.
बार उडाला की नाचायचं,
एवढंच त्यांना शिकवलेलं.
वर दरोडेखोर लटपटतायत,
शेरीफ आयाळ धरून बसलाय,
आणि खाली मेलेला पदूकाका
हसू दाबताना पोटासकट हलतोय.
साहेबानं टोपी फेकली. मग तोही हसला.
मग मिठात फतकल मारून बसला
तो दिवे लागेपर्यंत उठलाच नाही.

अमावास्येच्या उधाणानं बांध फुटला.
सकाळी बँक कांजूरच्या दिशेनं तरंगत होती.
सिनेमा पुरा झाला की नाही,
आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.

सलूनची झुलती दारं काकानं वाहून आणली,
घराला लावली.
काकी वैतागायची, कडी नाही, कोयंडा नाही,
खालून कुत्री येतात.
तो मात्र दोन्ही हातांनी ढकलून आत यायचा,
उंबऱ्यावर जरा थांबून,
चुलीपाशी कुणी बंदूक रोखलीय का बघत.

दहाव्यांदा मेला तो फुकट,
भर दुपारी, बशीत चहा ओतता ओतता.
तिरडी बाहेर काढली
तरी दारं मागेपुढे होतच राहिली.
आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे.
काकी म्हणाली,
आतातरी कडी बसवा रे कुणीतरी.