जुनी चूल जमा केल्याची पावती

कोयाइकेत जून म्हणजे ऐन हिवाळा.
दरी खोलगट वाडग्यासारखी.
धूर चढतो, गार हवेच्या झाकणाला डोकं आपटतो
आणि ज्याचा त्याच्या घरी परत येतो.

माझं काम सोपं.
यादीत नाव लागलेल्या घरून जुनी चूल उचलायची.
नवी बसवणारे वेगळे, हिशेब ठेवणारे वेगळे.
मी फक्त नेणारा.

नियम असा, की चूल जिवंत राहता कामा नये.
ती कुणा मेव्हण्याच्या गोठ्यात पुन्हा पेटली
तर सरकारचे पैसे खरोखरच धुरात जायचे.
म्हणून ग्राइंडरने तिच्या पोटाला वीतभर चीर पाडायची,
फोटो काढायचा, नंबर लिहायचा,
पावती फाडायची.

ओर्फेलिना बार्रियेन्तोस यांच्याकडे
चूल दारातून निघेना.
"निघेल कशी," त्या म्हणाल्या,
"आधी ती आणून ठेवली, मग भिंती उभ्या केल्या."
चौकट काढली. चौघांनी उचलली.
खाली मांजराचे केस, दोन बटणं, एक जळकी पळी,
आणि डॉमिनोची एक सोंगटी, सहा-सहा.
"हिच्यावरून सतरा वर्षं
माझ्यावर आळ होता. लपवली म्हणायचा."
सोंगटी पुसून त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली.
तो आळ घेणारा आता टेकडीवरच्या दफनभूमीत,
तिथे चूल लागत नाही.

अनुदान किती, ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, "लाकूडवाला एरिबेर्तो महिनाअखेरपर्यंत उधार देतो.
हे भुशाच्या गोळ्यांचं पोतं उधार मिळतं का?
आणि उचलायचं कोणी?"
माझ्या कागदावर हा रकाना नव्हता.
'बदलण्याचं कारण' हा होता.
"शेजारचा नेहुएन लिही. पाच वर्षांचा आहे.
भिंतीतून त्याचा खोकला ऐकू येतो,
रात्री मी मोजत बसते."
मी लिहिलं: अनुदान.
तेवढीच जागा होती.

ग्राइंडर किंचाळला तेव्हा
त्यांनी रेडिओ मोठा केला.
मी कितीतरी चुली चिरल्या आहेत,
पण रेडिओचा आवाज वाढवणारं घर लक्षात राहतं.

जुलैत बर्फाने तारा तोडल्या.
गल्लीभर नव्या शेगड्या एकदम गप्प.
शहाण्या असतात त्या, पंखा लागतो, वीज लागते.
जुनीला अक्कल नव्हती, ती नुसती जळायची.

माझं नाव यादीत नाही. तीन गुण कमी पडले.
म्हणजे गल्लीत पेटलेली चूल
एकच, चुली मारणाऱ्याची.

आले सगळे. ओर्फेलिनाबाई आपली खुर्ची घेऊन,
नेहुएनची आई त्याला ब्लँकेटात गुंडाळून,
त्याच्या वाफेच्या मास्कवर निळे मासे,
मशीन मात्र विजेवाचून मुकं.
किटली ठेवली, माते फिरला,
डॉमिनोचा डबा उघडला. अठ्ठावीस पुऱ्या,
सतरा वर्षांनी.

मग नेहुएन खोकला.
सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं
आणि लगेच दुसरीकडे.
मी खिडकी बोटभर उघडली.
थंडी आत आली. धूर गेला की नाही, कळलं नाही.
मिटली. पुन्हा उघडली.
रात्रभर माझं तेवढंच चाललं,
आणि ओर्फेलिनाबाई डाव हरत राहिल्या,
कान मुलाकडे.

सकाळी वीज आली. घरं आपापल्या उबेकडे गेली.
मी बाहेर येऊन पाहिलं:
अख्ख्या उतारावर एकच धुराची रेघ,
माझी,
आणि बोट दाखवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आत, चुलीच्या कडेवर, कोमट,
सहा-सहा ठेवलेली.
खुर्ची न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या,
"असू दे. तुझं नाव लागलं की परत कर."

मी वही काढली. सवयच ती.
लिहिलं:
सोंगटी एक, जमा.
चूल, बाकी.