दोन टक्के, दोन्हीकडून

पाटी मीच रंगवली, ऑइल पेंटनं :
घर विकणे आहे. एजंटांनी येऊ नये.
छत्तीस वर्षं पोस्टात काढली,
पत्ता आणि पैसा नीट पोचवायची सवय.
अडतीस लाखांचे दोन टक्के, शहात्तर हजार.
शहात्तर हजार कशाचे?
कुलूप काढायचे? 'हा हॉल, हे किचन' म्हणायचे?
तेवढं माझा नातूही म्हणेल.

आठ महिने लोक येत राहिले.
चहा प्याले, भिंतींवर बोटांनी टकटक केली.
एकानं मोबाइलवर होकायंत्र धरलं,
ईशान्येला संडास सापडला म्हणून
सहा लाख उतरवले.
एक बाई तासभर नुसतीच बसली,
तिचं माहेर पलीकडच्या बोळात होतं,
घ्यायचं काहीच नव्हतं तिला.
एक म्हणाला, 'शेवटचं सांगा.'
मी सांगितलं.
तो म्हणाला, 'आता त्याच्यानंतरचं सांगा.'

रेवणसिद्ध म्हमाणे पाटी वाचून आत आला.
हातात हेल्मेट, हेल्मेटात कोथिंबिरीची जुडी.
'काय करलालाव काका,
उन्हानं अक्षरं उडाली की, नुसतं एजंटांनी यावे वाचलो मी.'
उतारा मागितला, उभ्यानंच वाचला.
'ह्याच्यात तुमचे वडील अजून जिवंत आहेत,
आणि बहीण जन्मलीच नाही.'

मग सिटी सर्व्हेच्या खेपा.
अकरापर्यंत मोजल्या, पुढं सोडलं.
बहीण भिवंडीला. रात्रीच्या गाडीनं गेला,
हक्कसोडपत्र पुढ्यात ठेवून तिलाच म्हणाला,
'अक्का, सहीच्या आधी भावाला फोन लावा,
किती देणार विचारा.'
फोन आला. मी आकडा सांगितला.
ती बोलेना.
मी दुसरा सांगितला.

गिऱ्हाईक आणलं, अंबादास येमूल,
टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
त्याची बायको खालच्या खोलीत वाकली,
फरशीत सिमेंटनं बुजवलेली बोल्टांची भोकं
अंगठ्यानं चाचपत म्हणाली, 'माग होता?'
'चार होते,' मी म्हणालो.
बाकी कुणी विचारलंच नव्हतं आठ महिन्यांत.
अडतीसवर जमतच आलेलं,
तेवढ्यात म्हमाणे उठला
आणि मी मुद्दाम सरकवलेलं कपाट
त्यानं परत सरकवलं.
'ओल आहे इथं. शेजारच्या टाकीची.
पाणी येतं त्या दिवशी भिंत फुगते.'
पाणी येतं पाचव्या दिवशी.
भिंत मात्र रोजच ओली, हे मी बोललो नाही.
साठ हजार उतरले, एका कपाटाचे.

रात्री फोनवर त्याच्यावर ओरडलो,
'तू माणूस कुणाचा रे?'
'दोन टक्के तुमचे घेतो, दोन त्यांचे.
तुम्हीच सांगा, कुणाचा होऊ?'
झोप आली नाही. पाकिटाच्या पाठीवर मांडलं :
माझे गेले साठ हजार,
त्याचे, दोन्हीकडचे धरून, चोवीसशे.
चोवीसशे मोजून ह्या माणसानं काय विकत घेतलं,
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

नोंदणीच्या ऑफिसात टेबलामागची मुलगी म्हणाली,
'किमतीचा आकडा तोंडानं सांगा.'
सगळं आयुष्य लोकांच्या मनीऑर्डरी मोठ्यानं वाचल्या,
आणि आता घशात काहीतरी अडकलं.
म्हमाणेच बोलला, 'सदतीस चाळीस.'
हळू बोलला,
शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा.

कमिशन चौऱ्याहत्तर हजार आठशे.
मी पंचाहत्तर दिले.
सुट्टे नव्हते. 'नंतर देतो काका,'
म्हणत स्कूटरला किक मारली.

जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये
खालच्या मजल्यावरचे बिराजदार परवा विचारत होते,
प्लॉट काढायचाय, एजंट लावावा का,
परवडतं का ते?
मी बराच वेळ जिन्यात उभा राहिलो.
म्हटलं, माझे दोनशे रुपये आहेत त्याच्याकडे.
नंबर देतो.
त्यांच्याकडनं आठवण करा.