एक पायली फुकट

चक्कीच्या दारामागे पत्रा आहे,
काळा रंग मीच मारला.
वर तारीख, खाली प्रश्न,
आणि तळाशी ऑइलपेंटनं कायमचं:
बरोबर उत्तराला एक पायली दळण फुकट.

लाइट असली की चक्की चालते,
लाइट गेली की प्रश्न चालतो.
आमच्याकडे लाइट फार जाते
म्हणून गाव हुशार झालं.

वही भोयर गुरुजींची,
त्यांची बदली झाली तेव्हा रद्दीत निघालेली.
तीनशे पासष्ट पानं, रोज काय घडलं ते.
पंधरा ऑगस्टचं पान फाटलेलं,
ते तसंही सगळ्यांना पाठ.

सोळा एप्रिल : देशातली पहिली आगगाडी कुठून कुठे धावली?
गावात आगगाडी पाहिलेले बारा जण.
उत्तर दिलं तेराव्यानं,
सातवीतल्या प्रज्योतनं.

चौदा जुलै : सरकारी तार कोणत्या साली बंद झाली?
बाया म्हणाल्या, साल राहू दे,
बरं झालं बंद झाली,
कधी धड बातमी आणली नाही मेलीनं.

रुपराव बोंद्रे, जुने कोतवाल,
कोणत्याही प्रश्नाला एकच उत्तर देतात :
अठराशे सत्तावन्न.
वर्षातून एकदा, दहा मेला,
त्यांचं बरोबर येतं.
त्या दिवशी घरून मुद्दाम गहू आणतात.

सुगंधाबाई नैतामला वाचता येत नाही.
टोपलीभर जवारी खाली ठेवून
पत्र्याला कान लावल्यासारखी उभी राहते.
"आज काय झालं होतं रे?"
मी सांगतो.
चंद्रावर माणूस. बुडालेलं जहाज. कोणत्या तरी राजाचा तह.
ती मान हलवते,
सोयरिकीतलं कोणी गेल्यासारखी.

एक दिवस म्हणाली,
"तुह्या वहीत समदं दुसऱ्या गावचंच काऊन हाय?
आपल्या गावात काईच झालं नाई?"
काय झालं, मी विचारलं.
"बोरिंग झाली ना. लिही.
बोरिंगले पानी कोन्त्या दिवशी लागलं?"

लिहिलं.
लाइट गेलेली होती, पट्टा थांबलेला,
पीठ हवेतून सावकाश खाली बसत होतं
आणि कोणालाच येईना.

पंचायतीचं रजिस्टर काढलं,
त्यातली पंधरा वर्षं वाळवीनं खाल्लेली.
सुगंधाबाई सांगू लागली :
"बुधवार होता. बाजार होता.
नागपूरची गाडी तीन रात्री गुरगुरत होती,
कोंबड्या अंड्यावर बसेनात.
चौथ्या दिवशी आंधी चिखल उडाला,
मंग पानी, पांढरंफेक, तुह्या पिठावानी.
मी नाल्यावरून दोन गुंड भरून येऊन राहिली होती,
सुखदेव पोटात.
तिथंच रस्त्यावर दोन्ही गुंड ओतून देले."

प्रज्योत म्हणाला, सोपं आहे,
सुखदेवकाकाची जन्मतारीख घ्या, मागे मोजत जा.
सुखदेवची टीसी आली : एक जून.
त्याच्या भावाची : एक जून.
रुपरावांची एक जून. माझीही.
नाव घालायला नेलेल्या पोरांचं आख्खं गाव
कोण्या गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलेलं.
वहीत पाहिलं,
एक जूनचं पान कोरं.

तेव्हापासून तारीख रोज बदलतो,
प्रश्न पुसत नाही.
अक्षरांवर पीठ बसतं, मी खडू फिरवतो.
सुगंधाबाई दळणाचे पैसे
पदराची गाठ सोडून, मोजून देते.
म्हटलं, मावशी, तूच सांगून टाक,
पायली घेऊन जा.
"मले दिवस मालूम हाय, बाप्पा," म्हणाली,
"तारीख नाई."

आज सकाळी रुपराव आले.
चष्मा वर केला, पत्रा पुन्हा वाचला,
बराच वेळ वाचला.
"अठराशे सत्तावन्न."

कोणी हसलं नाही.
सुगंधाबाईनं टोपली डोक्यावर घेतली,
उंबऱ्यात थांबली, विचार केला.
"जरासाक अलीकडं या," म्हणाली.