पंधरापैकी चार

ओल्यांवच्या आरोग्यकेंद्रात, खाऱ्या वाऱ्यानं फुगून
न लागणाऱ्या दाराशेजारी बसून मी विचारते:
गेल्या महिन्यात, गोळी चुकेल या विचारानं
तुमचा जीव कधी कासावीस झाला?
कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.

झुल्मिराबाई म्हणतात, कधीच नाही.
"चुकेल कशी? एक पाकीट पिठाच्या डब्यात,
एक शेजारच्या ऑर्लांदाकडे, कुठे ते तिलाही ठाऊक नाही,
आणि एक या कोटाच्या अस्तरात."
मी शून्यावर खूण करते.
फॉर्ममध्ये अस्तराला रकाना नाही.

गोळ्यांवर आपला ताबा उरला नाही, असं वाटलं?
त्या तळहात पुढे करतात.
एकोणतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात
मुंडकं उडवायचं, डबा भरायचा;
डबा काट्यावर चढायच्या आधीच
वजन हाताला कळायचं,
पाच ग्रॅम इकडचे तिकडे नाहीत.
त्याच सुरीनं आता गोळीचे दोन तुकडे करतात,
अगदी सारखे,
आणि दोन्ही घेतात.
"हा ताबा नाही तर काय?"
मला हसू आवरत नाही. शून्य की तीन?
मी एक लिहिते. ही लबाडी माझी.

सोडावीशी वाटली कधी?

यावर त्या जरा वेळ दाराच्या फटीकडे बघतात.
"होड्या लागल्या की भोंगा व्हायचा. रात्री दोनला, चारला,
मासळी काय घड्याळ बघून येते?
पोर अंगावर पीत असलं तरी ओढून काढायचं, निघायचं.
मग कारखाना बंद पडला. भोंगा भंगारात गेला.
पण माझ्या कानाला ते कुणी सांगितलंच नाही.
डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस घ्या.
ते वारले, त्यालाही अकरा वर्षं झाली."

सोडणं किती अवघड जाईल?
"जाळ्यात न आलेल्या मासळीचा
भाव कसा सांगू, बाई?"

बेरीज: पंधरापैकी चार.
पाचाच्या खाली अवलंबित्व नाही,
असं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय.
मी तेच वाचून दाखवते.
त्या खूश होतात,
पाव मार्कानं पास झालेल्या पोरीसारख्या,
उठतात, बटणं लावतात,
आणि कोटाची खालची कड
बाहेरूनच चिमटीत धरून
हळूहळू पुढे सरकवत नेतात.
"सहा," त्या म्हणतात.
मला नव्हे.