माबियालाचे हात

मातोंगेत रात्री अकरालाही
पत्रे दिवसभराचं ऊन परत करत असतात.
खुर्च्या लावून झाल्यात,
बेस गिटार गळ्यात अडकवलेला माबियाला
पँटला हात पुसतोय,
पुन्हा पुसतोय.

त्याच्या तळव्यांना लहानपणापासून पाझर.
पाटीवरची अक्षरं वाहून जायची, म्हणतो.
लग्नात अंगठी मात्र
झटकन बोटात गेली.

उपाय सगळे करून झाले.
बायकोच्या टपरीवरचं कसाव्याचं पीठ लावलं,
दुसऱ्याच गाण्यात जाड तारेवर
चक्क खळ झाली.
लिंबू चोळलं.
नखाशेजारची चीर पहाटेपर्यंत बोंबलत होती.
शिवाय घाम तारा खातो,
नव्या परवडत नाहीत,
म्हणून रविवारी तो जुन्याच पातेल्यात उकळतो,
शेवयांसारख्या,
आणि दोरीवर वाळत घालतो.

परवा ऐन रंगात वीज गेली.
पंखा थांबला, अँप गप्प.
मी ड्रम सोडला नाही, सवय.
अंधारात माणसं नाचत राहिली
आणि माझ्या डाव्या कानाशी
ओल्या बोटांची तारेवर चपचप,
न चुकता, ठोक्याच्या केसभर मागे,
तो नेहमी असतो तिथेच.

वीज आली तेव्हा
गिटारच्या कडेवरून थेंब गळत होते.
"हात कोरडे असते तर रे?" मी विचारलं.
बाही पिळत म्हणाला,
"तर बापाच्या मशीनवर शर्ट शिवत बसलो असतो.
कापडावर डाग पडायचे ना माझे."
आणि पँटला हात पुसून
पुढचं गाणं कुठलं, विचारलं.